निकाली दावे आणि न मिटलेले तंटे
(द्वितीय वर्ष, कला)

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. न्यायाला नावे ठेवण्यासाठी ती कोणी सांगत नाही. तेथे जाणाऱ्या वेळाच्या धास्तीने सांगतात. परंतु हा वेळ नेमका किती? आपल्या तालुक्यात जमिनीच्या वाटपाचा दावा दाखल केला तर तो मिटायला किती वर्षे धरावीत, असे कोणी विचारल्यास खात्रीचे उत्तर मिळणे कठीण आहे. कापसाचा भाव, पावसाचे मिलिमीटर, धरणातील पाण्याचे टक्के हे सर्व वर्तमानपत्रात रोज येते. दाव्याचे वय मात्र ज्याच्या घरात दावा असतो त्यालाच ठाऊक असते. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी सरासरी आणि मध्यक यांतला फरक समजावून सांगितला, त्या आठवड्यात माझ्या मनात हा प्रश्न आला आणि मग मी त्याच्या मागेच लागले. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. जे वाचले, विचारले आणि घरात पाहिले, तेवढेच येथे मांडते.

आधी हे आकडे येतात कोठून ते पाहू. पूर्वी तालुक्याच्या न्यायालयातला कारकून महिनाअखेर नोंदवह्या पुढ्यात घेऊन तक्ता भरीत असे. आरंभी शिल्लक किती, नवे दाखल किती, अन्य मार्गाने आलेले किती, निकाली किती आणि अखेरीस शिल्लक किती, असे त्याचे रकाने. हा तक्ता जिल्हा न्यायालयात जाई, तेथे बेरीज होई आणि बेरीज उच्च न्यायालयाकडे जाई. पक्षकाराच्या दृष्टीस तो कधी पडत नसे. २००७ साली ई-कोर्ट प्रकल्प सुरू झाला आणि हळूहळू तालुक्यापर्यंत संगणक पोचले. न्यायालयांच्या नोंदींसाठी जी संगणक-प्रणाली देशभर वापरली जाते, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील मंडळींनी तयार केली, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट. पुढे १९ सप्टेंबर २०१५ रोजी ‘नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड’ हे जिल्हा व तालुका न्यायालयांचे माहितीजाल सर्वांसाठी खुले झाले. आज कोणीही मोबाईलवर ते उघडून पाहू शकतो. जिल्हा व तालुका न्यायालयांत मिळून साडेचार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि त्यांपैकी दिवाणी एक कोटीहून अधिक, हे आपल्याला त्यावरूनच समजते. जे आकडे एकेकाळी कपाटात राहत, ते आता चावडीवर आले आहेत. हे पाऊल लहान नव्हे, हे मी आधीच नमूद करते. कारण पुढे मला त्या आकड्यांच्या उणिवांविषयीच लिहायचे आहे.

एक कोटी म्हणजे एक कोटी काय? तंटे? दावे? की कागदांच्या फायली? बाजारात पाटीने मोजलेली वांगी आणि किलोने मोजलेली वांगी यांची बेरीज कोणी करीत नाही. न्यायालयाच्या आकड्यांत मात्र ती वर्षानुवर्षे होत आली. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे अध्यक्ष असताना भारतीय विधी आयोगाने २०१४ साली आपला २४५ वा अहवाल दिला. थकलेली प्रकरणे आणि न्यायाधीशांची संख्या हा त्याचा विषय. आयोगाने उच्च न्यायालयांकडून आकडे मागविले तेव्हा असे आढळले, की मोजण्याची रीत सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी दाव्यातील मधले अर्ज स्वतंत्र प्रकरणे म्हणून मोजले जात, काही ठिकाणी नाही. काही ठिकाणी वाहतुकीची चलनेसुद्धा एकूण संख्येत धरलेली, तर काही ठिकाणी वगळलेली. ‘प्रलंबित’, ‘विलंबित’ आणि ‘थकीत’ हे शब्द तर आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक काल दाखल झालेला दावाही प्रलंबितच असतो. त्याला उशीर झाला असे कोणी म्हणणार नाही. किती काळ गेला म्हणजे उशीर म्हणायचे, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरल्याशिवाय ‘इतके कोटी थकले’ हे वाक्य कानाला भयंकर लागते, पण त्यातून कळत काहीच नाही.

मधले अर्ज म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात दावा नाही त्यांच्यासाठी सांगते. दावा दाखल करताना वादी बहुधा त्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज देतो. आपल्याकडे त्याला ‘निशाणी ५’ म्हणतात. आमच्या गावात इंग्रजी न येणारे, किंबहुना सहीपुरतेच मराठी येणारे म्हातारे ‘निशाणी पाच’ हे शब्द मात्र वकिलासारखे उच्चारतात. नंतर दाव्यात दुरुस्तीचा अर्ज, पक्षकार मयत झाल्यास वारसांची नावे लावण्याचा अर्ज, साक्षीदार बोलावण्याचा अर्ज असे एकामागून एक येतात. तंटा एकच, कागद अनेक. कोणी हे अर्ज वेगळे मोजले तर त्या न्यायालयात दाखल होण्याचा आकडा फुगतो आणि निकालाचाही फुगतो. शेजारच्या राज्याने ते मोजले नाहीत, तर तेथील न्यायाधीश तेवढेच काम करूनही आळशी दिसतात.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, हे मला आमच्याच घरच्या दाव्यावरून उमगले. माझ्या आजोबांनी २००३ साली, म्हणजे माझ्या जन्माच्या तीन वर्षे आधी, चुलत भावांविरुद्ध वाटपाचा दावा दाखल केला. पावणेसहा एकर जमीन आणि तीत एक विहीर. आमच्या घरात त्या वेळी कोणाचेच शिक्षण सातवीच्या पुढे गेलेले नव्हते. दाव्याचे कागद पत्र्याच्या पेटीत असत आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करून ठेवलेली असे. २००९ साली आजोबा दवाखान्यात असताना एक तारीख चुकली. वकील दुसऱ्या न्यायालयात होते. प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर, म्हणून दावा काढून टाकला गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशात तशी तरतूदच आहे आणि असा दावा पुन्हा फायलीवर घेण्याचीही तरतूद त्याच आदेशात आहे. २०१० साली तसा अर्ज दिला, सोबत उशीर माफ करण्याविषयीचा अर्ज जोडला. २०११ साली तो मंजूर होऊन दावा पुन्हा उभा राहिला. २०१४ साली आजोबा वारले. वारसांची नावे लागण्यात दोन वर्षे गेली, कारण एका आत्याचा पत्ता बदललेला होता आणि तिला नोटीस पोचत नव्हती. अखेर २०१९ साली आमच्या बाजूने हुकूमनामा झाला. वडिलांनी पेढे आणले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

आता हीच हकीकत तक्त्याच्या डोळ्यांनी पाहा. २००९ साली दावा काढून टाकला, म्हणजे त्या महिन्यात एक दावा निकाली. २०११ साली पुन्हा फायलीवर घेण्याचा अर्ज मंजूर झाला, म्हणजे एक किरकोळ अर्ज निकाली. आणि तोच दावा ‘अन्य मार्गाने प्राप्त’ या रकान्यात पुन्हा एकदा आला. २०१९ साली हुकूमनामा झाला, म्हणजे पुन्हा एक दावा निकाली. सरकारी हिशेबाने आमचा तंटा तीन वेळा निकाली निघाला आहे. जमिनीच्या बांधावर मात्र तो एकदाही निघालेला नाही, कारण वाटप अजून व्हायचेच आहे.

हे कसे, ते समजावून घेतले पाहिजे. शेतजमिनीच्या वाटपात न्यायालय फक्त कोणाचा हिस्सा किती हे ठरवून देते. प्रत्यक्ष तुकडे पाडून ताबा देण्याचे काम संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या हाताखालचे अधिकारी करतात. त्यासाठी आम्ही २०२१ साली दरखास्त दिली, कागद महसूल खात्याकडे गेले, मग मोजणी खात्याकडे. न्यायालयाच्या मूळ वहीत दावा २०१९ सालीच संपला. आज मोबाईलवर आमची जी नोंद दिसते ती या दरखास्तीची, आणि तिचे वर्ष आहे २०२१. म्हणजे आमच्या घरात जो तंटा बावीस वर्षांचा आहे, तो देशाच्या आकडेवारीत जेमतेम चार-पाच वर्षांचा आहे. वडील मला विचारतात, ‘‘निकाल लागला ना, मग पुन्हा तारीख कशाची?’’ मी त्यांना हुकूमनामा आणि अंमलबजावणी यांतला फरक सांगते. त्यांना तो समजतो, पटत नाही.

या प्रश्नाकडे सर्वोच्च न्यायालयाचेही लक्ष गेलेले आहे. वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा झाला की फाईल बंद करून ठेवायची आणि पक्षकाराने नवा अर्ज देईपर्यंत वाट पाहायची, ही पद्धत बरोबर नाही. न्यायालयाने आपण होऊन अंतिम हुकूमनाम्याच्या दिशेने काम पुढे चालवावे, असे त्याने २०२२ साली केरळमधील एका प्रकरणात सांगितले. ही गोष्ट वरवर प्रक्रियेची वाटते, पण ती मोजणीचीही आहे. फाईल बंद केली की ती ‘निकाली’त जाते. चालू ठेवली की ‘प्रलंबित’ राहते आणि मग तिचे खरे वय दिसू लागते.

येथे कोणी म्हणेल, की कारकुनांनीच नीट लिहावे म्हणजे झाले. मला हे पटत नाही. न्यायालयात काम करणाऱ्या एका गृहस्थांना मी याविषयी विचारले. ते म्हणाले, ‘‘ताई, तक्त्यात ज्याला रकानाच नाही ते आम्ही लिहायचे कुठे?’’ दिवसभर पुकारा, रोजनामा, नकला, समन्स आणि समोर उभी असलेली माणसे, हे सगळे सांभाळून संध्याकाळी संगणकात नोंदी भरायच्या. जुन्या वह्यांतील हजारो दावे संगणकावर चढवितानाही हेच हात कामाला होते. अशा वेळी दाखल तारीख कोणती लिहावी, दाव्याचा प्रकार कोणता निवडावा, यात एकवाक्यता नसली तर नवल काय? माहितीजालावर एके काळी पुढची तारीखच न नोंदलेल्या प्रकरणांचा वेगळा रकाना दिसत असे. उशीर का झाला याची कारणेही एका ठरावीक यादीतून निवडायची असतात: वकील उपलब्ध नाहीत, वरिष्ठ न्यायालयाची स्थगिती आहे, कागदपत्रांची वाट पाहत आहोत, वारस नोंदलेले नाहीत. ‘वकील उपलब्ध नाहीत’ हे कारण फार मोठ्या संख्येने नोंदलेले दिसते. ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. पण आमच्याच दाव्यात निरनिराळ्या वर्षी निरनिराळी कारणे होती, आणि नोटीस न पोचल्याने गेलेली दोन वर्षे त्या यादीतल्या एका शब्दात बसविणे कोणालाही अवघड जाईल.

आता सरासरीकडे वळते. मला यातच अधिक रस आहे. समजा, एका न्यायालयाने वर्षभरात पाच दावे निकाली काढले. चार दावे तडजोडीने किंवा एकतर्फी, प्रत्येकी एका वर्षात; पाचवा भांडून, एकवीस वर्षांनी. सरासरी येते पाच वर्षे. पण पाच वर्षांत संपलेला एकही दावा तेथे नाही! मध्यक काढला तर येतो एक वर्ष, आणि तोही एकवीस वर्षे वाट पाहणाऱ्याला काही सांगत नाही. म्हणून एकच आकडा देऊन भागत नाही. वर्षाच्या आत किती, एक ते तीन वर्षांत किती, तीन ते पाच, पाच ते दहा आणि दहा वर्षांवर किती, अशी वयोगटांची वाटणी हवी. माहितीजालावर प्रलंबित प्रकरणांची अशी वाटणी आता दिसते, ही चांगली गोष्ट आहे. तशीच वाटणी निकाली दाव्यांची हवी, आणि तीही भांडून निघालेले निकाल, एकतर्फी निकाल, तडजोड, काढून टाकलेले दावे आणि दुसऱ्या न्यायालयाकडे पाठविलेले दावे यांची वेगवेगळी.

यात एक गंमत आहे. गंमत म्हणावी की दुर्दैव, वाचकांनी ठरवावे. एखाद्या न्यायाधीशाने मनावर घेऊन वीस-वीस वर्षांचे जुने दावे निकाली काढायला सुरुवात केली, तर निकाली दाव्यांचे सरासरी वय एकदम वाढते. आकडे पाहणाऱ्याला वाटते, येथे फार उशीर होतो. उलट, जुन्या फायलींना हात न लावता नवे, सोपे, तडजोडीचे दावे काढणाऱ्याची सरासरी झकास दिसते. न्यायाधीशांच्या कामाचे माप ठरावीक ‘युनिट’मध्ये होते, तेथेही हाच धोका असतो. मोजपट्टी जशी असेल तसे काम वाकते. त्यात कोणाचा लबाडीचा हेतूच असावा लागतो असे नाही.

दावा दुसऱ्या न्यायालयात पाठविला तर काय होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबईत २०१२ साली नगर दिवाणी न्यायालयाची आर्थिक मर्यादा १ कोटी रुपयांपर्यंत वाढविली गेली, तेव्हा उच्च न्यायालयातील कितीतरी दावे तिकडे गेले. एका इमारतीतून शिल्लक कमी झाली, दुसऱ्या इमारतीत वाढली. एकाही पक्षकाराचे काम त्यामुळे मिटले नाही. अशा बदलीला ‘निकाल’ धरले तर आकडा कौतुकाचा होतो. लोकअदालतीचेही तसेच. एका दिवसात लाखो प्रकरणे मिटली, अशी बातमी आपण वाचतो. त्या लाखोंत न्यायालयात पूर्वीपासून चालू असलेली प्रकरणे किती आणि बँकेची किंवा वीजबिलाची, न्यायालयात कधी दाखलच न झालेली, दाखलपूर्व प्रकरणे किती, हे वेगळे पाहावे लागते. लोकअदालतीचा मला आदरच आहे. आमच्या गावातील दोन घरांचे भांडण तेथेच मिटले. पण दाखल न झालेले प्रकरण मिटल्याने न्यायालयातील शिल्लक कमी होत नाही, हे साधे गणित आहे.

‘दिवाणी’ म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण मुळात पैसे वसुलीचे असते, परंतु १९८९ पासून तो गुन्हा असल्यामुळे ते फौजदारीत मोजले जाते. शेतरस्त्याचे भांडण मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांपुढे चालते. ते न्यायालयाच्या हिशेबात येतच नाही. ग्राहकाची तक्रार आयोगाकडे, सहकारी संस्थेचा वाद सहकार न्यायालयाकडे. खेड्यातील माणसाला ही सगळी कोर्टेच. त्याच्या आयुष्यातील किती दिवस ‘तारखे’ला गेले, हे या सर्वांची बेरीज केल्याखेरीज कळणार नाही, आणि आज ती बेरीज कोणी करीत नाही.

कोणाला वाटेल, आकडे थोडे इकडेतिकडे असले तर बिघडले काय? बिघडते ते असे. विधी आयोगाने १९८७ साली आपल्या १२० व्या अहवालात म्हटले होते, की देशात दर दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते पन्नास असावेत. हा आकडा पुढे भाषणांतून फार गाजला. २०१४ च्या अहवालाने मात्र सांगितले, की नुसत्या लोकसंख्येवरून न्यायाधीशांची गरज ठरविणे शास्त्रीय नाही. कोठे माणसे जास्त दावे करतात, कोठे कमी. त्याऐवजी एक न्यायाधीश वर्षाला किती प्रकरणे निकाली काढतो आणि किती नवी येतात, यावरून हिशेब करावा. आता विचार करा. हा हिशेब करताना निकाली संख्येत किरकोळ अर्ज, गैरहजेरीत काढून टाकलेले दावे आणि बदल्या हे सर्व मिसळलेले असेल, तर एका न्यायाधीशाचे काम आहे त्यापेक्षा मोठे दिसेल आणि ‘आणखी न्यायाधीशांची गरज नाही’ असे उत्तर येईल. चुकीच्या रकान्याची शिक्षा अशा रीतीने तालुक्यातल्या पक्षकाराला होते. त्याच्या न्यायालयातले पद मंजूरच होत नाही. पुन्हा, चलनाचे प्रकरण आणि पंधरा वारसांचा वाटपाचा दावा यांना एकच गुण देऊन चालणार नाही. प्रत्येक प्रकाराला त्याच्या श्रमाप्रमाणे भार द्यावा, हा विचार २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सुरू केलेल्या राष्ट्रीय न्यायालय व्यवस्थापन योजनेतून पुढे आला. तो मला रास्त वाटतो. मात्र भार ठरविण्यासाठीही आधी खरे आकडे लागतात, त्यामुळे पुन्हा आपण कारकुनाच्या टेबलाशीच येतो.

सर्वांत उपेक्षित आकडा अंमलबजावणीचा. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा आशयाचे उद्गार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली काढले होते. दीडशे वर्षे होऊन गेली. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला. मार्च २०२५ मध्ये त्याने देशातील सर्व उच्च न्यायालयांना सांगितले, की आपापल्या कक्षेतील प्रलंबित दरखास्तींची माहिती गोळा करा आणि त्या सहा महिन्यांत संपवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आकडे समोर आले. मधल्या सहा महिन्यांत ३ लाख ३८ हजारांहून अधिक दरखास्ती निकाली निघाल्या होत्या, तरीही ८ लाख ८२ हजारांहून अधिक शिल्लक होत्या. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतील ३ लाख ४० हजारांहून अधिक, म्हणजे देशात सर्वांत जास्त. कर्नाटकाची माहिती तर त्या वेळी आलेलीच नव्हती. एवढी मोठी संख्या. पण ती एका ठिकाणी मांडली जावी यासाठी देशातील सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला, याकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. आपल्याकडचा आकडा सर्वांत मोठा का, याचाही शोध घेतला पाहिजे. आपल्याकडे खरोखरच उशीर जास्त आहे, की आपण अधिक नीट मोजले, की दोन्ही? नुसत्या बेरजेवरून ते सांगता येत नाही. दरखास्ती कोणत्या प्रकारच्या, पैशाच्या किती आणि ताब्याच्या किती, महसूल खात्याकडे अडकलेल्या किती, अशी फोड झाली तरच सांगता येईल.

मग करायचे काय? माझ्या अल्पमतीला सर्वांत आधी असे वाटते, की तंट्याला जन्मापासून शेवटपर्यंत एकच ओळख असावी. आज प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्याची पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची आणि शेवटचे चार अंक वर्षाचे. मूळ दाव्याचा हा क्रमांक त्याच्या अर्जाला, अपिलाला आणि दरखास्तीला जोडलेला असेल, आणि वय मोजताना पहिल्या दाव्याची तारीख धरली, तर आमच्यासारख्यांची बावीस वर्षे बावीसच दिसतील. दुसरे, देशातील सर्व उच्च न्यायालयांनी व्याख्या एकच ठरवून ती आकड्यांच्या शेजारीच छापावी. पाहणाऱ्याला ‘निकाली’ म्हणजे काय धरले आहे हे कळलेच पाहिजे. जिल्ह्याच्या न्यायालयात संख्याशास्त्र शिकलेला एखादा माणूस नेमून त्याने दरमहा काही फायली काढून संगणकातील नोंदींशी ताडून पाहाव्यात, असेही मला सुचते. दुकानदार वर्षाला माल मोजतो, मग न्यायालयाने का मोजू नये? आणि महसूल खात्याकडे गेलेली वाटपे न्यायालयाच्या वहीतून अदृश्य होऊ नयेत. तेथून ‘ताबा दिला’ असे पत्र येईपर्यंत ती चालू धरावीत. या सूचनेने प्रलंबित प्रकरणांचा आकडा वाढेल आणि वर्तमानपत्रे ओरड करतील, हे मला कळते. वाढू द्यावा.

आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ मुलामुलींच्या घरात एखादा दावा असणार. त्यांनी ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपला सीएनआर क्रमांक घालून एकदा नोंद पाहावी. दाखल दिनांक, नोंदणी दिनांक, पक्षकारांची नावे, प्रकरणाचा टप्पा आणि पुढची तारीख, एवढे तरी घरच्या कागदांशी ताडून घ्यावे. दाखल आणि नोंदणी या दोन तारखा वेगळ्या असू शकतात. दावा हातात पडला ती एक आणि त्यातील त्रुटी दूर होऊन तो नोंदला गेला ती दुसरी. काही चुकलेले आढळल्यास ते वकिलांमार्फत न्यायालयाच्या नजरेस आणता येते. क्रमांक ठाऊक नसेल तर पक्षकाराच्या नावावरून किंवा दाव्याच्या क्रमांकावरूनही शोध घेता येतो, आणि ज्यांच्याकडे तसा मोबाईल नाही त्यांना न्यायालयाच्या आवारात ई-सेवा केंद्र असेल तेथे विचारता येते.